झिलूचं न फुटलेलं मडकं

ऐका, खाडीपलीकडच्या तांबळवेळ गावची गोष्ट आहे. फार वर्षांपूर्वीची, म्हणजे आपल्या पणज्यांनीही ती म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेली. तिथं माडाच्या तुऱ्याला छेद देऊन माडी, म्हणजे माडाची दारू, काढणारा झिलू नावाचा एक जण होता. उंचात उंच माडावर तो सरसर चढायचा, आणि त्याचा कोयता इतका हलका चालायचा की कापलेल्या तुऱ्यालाही ते कळायचं नाही, असं म्हणतात.

पण कुंपणापलीकडे शेजारच्या गुणाजीचे माड होते. झिलूच्या माडीला लोक चांगली म्हणायचे, आणि गुणाजीची माडी प्यायला वाकडी वाट करून यायचे. वाळू तीच, खारा वारा तोच. झिलूचा जीव नुसता जळायचा. गुणाजी हसला की याच्या पोटात दुखायचं, गुणाजीच्या दारात पाहुणा दिसला की याला जेवण जायचं नाही. घरात गुणाजीचं नाव काढायची बंदी होती, पण मनात हा दुसरं नावच घेत नव्हता.

माडावर चढायला खोडात पायापुरत्या खाचा पाडलेल्या असतात. एका संध्याकाळी झिलू आपलीच माडी पोटभर प्याला, कोयता घेऊन गुणाजीच्या सगळ्यात उंच माडावर चढला आणि वरच्या एका खाचेची कड त्यानं तासून उतरती केली. मग घरी येऊन घोरत पडला. सकाळी गुणाजीनं तिथं पाय ठेवला आणि तो खाली आला. जीव वाचला, पण पाय कायमचे गेले.

त्या काळी तांबळवेळची एक रीत होती. नशेत कुणी काही केलं, तर गावकर, म्हणजे गावचा मुख्य, त्याचं माडीचं मडकं देवळापुढच्या दगडावर आपटून फोडायचा. मडकं फुटलं की दोष फिटला, आणि माणूस हात झटकून घरी जायला मोकळा. मोठी सोयीची रीत! पिणारे सगळेच, म्हणून कुणाची तक्रारही नव्हती.

इतका हलका कोयता झिलूचाच, हे खाच बघून गावानं ओळखलं, आणि तो प्यालेला होता म्हणून त्याचं मडकं आणलं. गावकरानं ते दगडावर आपटलं, पण ते फुटलं नाही. पुन्हा आपटलं, तर दगडाचा टवका उडाला आणि मडकं तसंच राहिलं. साधं मातीचं मडकं होतं, असं म्हणतात.

तेव्हा गुणाजीची बायको शेवंती पुढे झाली.

"मडक्याक काय हात फुटले, माडार चढूक?" ती म्हणाली. "आणि झिंगलेल्या माणसाक नेमको माझ्याच घोवाचो माड कसो गावलो? वाटेत ह्याचे सोताचे माड नाय होते?"

गावकर पुन्हा मडकं उचलायला गेला, तसा झिलूनं त्याचा हात धरला.

"ऱ्हवांदे," तो म्हणाला. "मडक्याक गुणाजीचो हेवो नाय होतो. माका होतो. पिऊच्या आधीपासून होतो. धीर होत नाय होतो, म्हणान पिलंय."

"मगे आता तूच चढ," शेवंती म्हणाली. "पण माडी त्याच्या नावान."

झिलूनं मडकं उचललं आणि गुणाजीच्या पायरीवर नेऊन ठेवलं. त्या दिवसापासून तो गुणाजीचे माड चढू लागला. त्याचे स्वतःचे माड आटले, आणि गुणाजीचे असे झरू लागले की ते मडकं भरून खालची वाळू गोड व्हायची, असं म्हणतात. लोक खाली उभे राहून म्हणायचे, वा, काय गुणाजीची माडी! झिलू वरून ऐकायचा आणि जळायचा. हेवा त्याचा कधी गेलाच नाही. फक्त त्या हेव्याला त्यानं पुन्हा कधी दारू पाजली नाही.

म्हातारपणी एका सकाळी तो त्याच उंच माडावर चढला आणि खाली आलाच नाही. वर नुसतं भरलेलं मडकं लटकत होतं. अंगणात बसलेला गुणाजी दिवसभर वर बघत राहिला, आणि त्या दिवशी तो जेवला नाही, असं म्हणतात.

आजही तांबळवेळला कुणी मडकं फोडत नाही. नशेत ज्यानं वाईट केलं, त्याच्या हातात ते देतात आणि ज्याचं बिघडलं त्याच्या पायरीवर नेऊन ठेवायला लावतात. पुढचं काम त्या घरचे सांगतात. आणि माडी काढणारा प्रत्येक जण सकाळी आपल्या माडाला हात लावण्याआधी झिलूचं नाव घेऊन कुंपण ओलांडतो आणि शेजाऱ्याच्या माडाच्या खाचा चाचपून येतो. ज्या शेजाऱ्याचं डोळ्यांत सगळ्यात जास्त खुपतं, त्याच्या सगळ्यात आधी.