ठकूबाईचा कातळ

हिरडेवाडीच्या माथ्यावर तो काळा कातळ दिसतो ना, त्यावर वाटीएवढे खळगे आहेत. बरोबर चौदा. पावसापाण्याने पडले असतील, असं तुमच्यासारखे पाहुणे म्हणतात. आमचे म्हातारे वेगळं सांगायचे.

फार मागे, दुष्काळाच्या साली, वाडीतली धडधाकट माणसं घाटाखाली बंधाऱ्याच्या कामाला गेली. लहान मुलं म्हाताऱ्यांजवळ राहिली. कातळालगतच्या खोपटात ठकूबाई एकटी राहायची. तिचा नवरा मठात पाणी भरायचा. तिथे ऐकून-बघून शिकलेली अक्षरं त्याने तिलाही शिकवली होती. तो वारला, तेव्हापासून तिच्याकडे कुणी फिरकत नसे.

एके सकाळी तिच्या अंगणात एक पोरगी माती खाताना दिसली. ठकूबाईने बियाण्याची नाचणी काढली, दळली, पातळ आंबील केली. दुसऱ्या दिवशी चौदा मुलं आली. एवढी भांडी कुठली? ती दगडाने कातळ टोकरायला बसली, आणि कातळ म्हणे ओल्या मातीसारखा दबत गेला.

आंबील शिजेपर्यंत मुलं रडायची. त्यांचं मन रमावं म्हणून ती कोळशाने कातळावर अक्षरं काढायची, त्यांच्याकडून गिरवून घ्यायची. मुलं पोटभर जेवत.

"आजी, तू जेवलीस?" त्या पोरीने, सोनीने, एकदा विचारलं.

"तुमच्या आधीच जेवले गं."

पेरणीला माणसं परतली. सोनीचा बाप राघू मुलीला न्यायला कातळावर आला. तिने कोळशाने काहीतरी लिहून दाखवलं.

"हे काय?"

"तुमचं नाव, बाबा."

राघूने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग सगळे आपापली मुलं घेऊन खाली उतरले. पेरणीची घाई होती. ठकूबाईला कुणी चल म्हणालं नाही. ती कातळाच्या कडेला उभी होती, असं सांगतात.

चार दिवस तिच्या खोपटातून धूर दिसला नाही, तेव्हा राघू वर गेला. ती चुलीपाशी निजल्यासारखी पडली होती. नाचणीची कणगी तळापर्यंत झाडलेली होती. ती किती दिवसांची उपाशी होती, कुणास ठाऊक.

पुढे वाडीत शाळा झाली. आजही शाळा उघडते त्या दिवशी घरोघरची नाचणी गोळा होते. आधी आंबील वाढतात, मग पाट्या काढतात. सगळ्यांचं वाढून झालं की स्वयंपाकाची बाई दारात येऊन माथ्याकडे हाक मारते, "ठकूबाई, जेवायला या हो!"

मुलं हात आखडून गप्प बसतात. बाई थोडा वेळ वाट बघते. मग म्हणते, "जेवा रे."