बगळ्याची पारख

जंगलात खटले चालत, तेव्हाची ही गोष्ट. टिटवीची अंडी कुणीतरी खाल्ली आणि आळ उदमांजरावर आला. फिर्यादीचा वकील होता कोल्हा. पावलांचे ठसे ओळखण्यात बगळ्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कोल्ह्याने त्याला तळ्याकाठी टिटवीच्या घरट्यापाशी नेले आणि म्हटले, “बगळेसाहेब, हा उदमांजराचा ठसा. आता तुम्ही अगदी निःपक्षपातीपणे तपासा.”

बगळ्याने एका पायावर उभे राहून तासभर तपासले. मग न्यायाधीश हत्तीपुढे तो म्हणाला, “ठसा उदमांजराचाच. मी कुणाच्याही बाजूचा नाही.”

उदमांजराच्या वतीने कासव उठले. त्याने ओल्या मातीवरचा एक ताजा ठसा पुढे केला आणि विचारले, “हा कुणाचा?”

बगळ्याने मान वाकवून पाहिले, पुन्हा पाहिले. शेवटी तो चिडून म्हणाला, “आधी कुणाचा ते सांगा, म्हणजे मी खात्रीने सांगतो!”

हत्ती गहिवरला. “बघा, पुरेशी माहिती मिळाल्याशिवाय एक शब्द बोलत नाहीत. याला म्हणतात तज्ज्ञ!”

उदमांजराला जंगलाबाहेर हाकलले. बगळ्याचा तिथेच सत्कार झाला. सत्काराला कोल्हाही होता. परत जाताना तो शेपटीने स्वतःचे ठसे पुसत गेला.