पेटीतले पहिले प्रकरण

एकदा एका वृद्ध अध्यापकांनी महाविद्यालयातल्या चौदा विद्यार्थ्यांना कादंबरी लिहायला बसवले. मुदत तीस दिवसांची. सुट्या कागदांवर हाताने लिहायचे आणि संध्याकाळी पाचच्या ठोक्याला दिवसभराची पाने वर्गातल्या लोखंडी पेटीत टाकायची. पेटीला कुलूप. तिसाव्या दिवसापर्यंत आपले लिखाण आपल्यालाही दिसणार नाही, हा नियम. मुले कुरकुरली. "सर, निदान मोबाईलवर फोटो तरी काढू द्या!"

"मोबाईलही पेटीतच ठेवू का?" सरांनी विचारले. मुले मुकाट्याने लिहू लागली.

त्यांत मयूरा नावाची एक मुलगी होती. तिचे वडील जत्रेजत्रेतून तंबूतला सिनेमा दाखवीत हिंडलेले, प्रोजेक्टर चालवणारे. आता त्यांना काचबिंदू झाला होता. फार तर दोन महिने वाचता येईल, असे डॉक्टर म्हणाले होते. वडिलांनी लेकीकडे एकच गोष्ट मागितली, "माझी कहाणी तुझ्या अक्षरात एकदा वाचू दे, बाई. मग काय अंधार व्हायचा तो होवो." आणि ही शहाणी काय करीत होती? वर्षभरात तिने त्या कहाणीचे पहिले प्रकरण अकरा वेळा लिहिले होते. दुसरे एकदाही नाही! तुम्ही हसू नका. सुंदर लिहिण्याचा ध्यास घेतलेल्या प्रत्येकाला हा रोग जडतो.

पेटीमुळे तिचा नाइलाज झाला आणि गोष्ट पुढे सरकू लागली. पण बाराव्या दिवशी तिच्या लक्षात आले, की पहिल्या प्रकरणात आपण नायकाला एक थोरला भाऊ देऊन बसलो आहोत आणि पुढे त्या भावाला कुठेच जागा नाही. ती रडकुंडीला आली.

"सर, एवढं एक प्रकरण द्या. ते चुकलंय, तर पुढचं सगळंच चुकणार. बाबांच्या हातात असलं काहीतरी कसं देऊ?"

सरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि खिशातून किल्ली काढून चक्क तिच्या हातावर ठेवली. मुलांच्या लेखण्या थांबल्या. इतका कडक नियम, आणि एका हुंदक्यावर मोडला?

"घे तुझी पानं," सर म्हणाले. "पण तळाशी निळ्या फडक्यात एक गठ्ठा आहे. आधी तो वाच."

मयूराने गठ्ठा सोडला. सरांचे अक्षर. कागद पिवळे पडलेले. वर 'प्रकरण पहिले'. तिने पाने उलटली. पुन्हा 'प्रकरण पहिले'. पुन्हा तेच. प्रत्येकावर वेगळे साल. एकेचाळीस वर्षे, एकेचाळीस सुरुवाती. एकेक वाक्य असे देखणे, की तिच्या अंगावर काटा आला.

"सर, दुसरं प्रकरण?"

"नाही." सर खुर्चीत बसले. "माझी पत्नी रोज विचारायची, पुढे काय झालं हो? मी म्हणायचो, थांब, सुरुवात नीट होऊ दे. सहा वर्षांपूर्वी ती गेली. पुढे काय झालं, ते तिला कळलंच नाही. मलाही नाही." मग त्यांनी विचारले, "खेळात रीळ तुटलं की तुझे वडील काय करीत?"

"जोडायचे आणि पुढे चालवायचे."

"पुन्हा पहिल्यापासून नाही?"

"छे! लोकांनी तंबू फाडला असता."

"मग? बाळ, कच्च्या खर्ड्यात चूक राहते आणि नंतर ती दुरुस्तही होते. पण जे लिहिलंच नाही, ते कोण दुरुस्त करणार? तुझा प्रेक्षक अजून तंबूत बसलाय. खेळ पुढे ने."

मयूराने निळे फडके होते तसे बांधले. आपल्या पानांना हात न लावता कुलूप घातले, किल्ली परत केली आणि बाराव्या दिवसाचे लिहायला बसली.

तिसाव्या दिवशी पेटी उघडली. दोनशे सात पाने. तो गठ्ठा तिने दोन्ही हातांनी उचलला आणि देवाचा प्रसाद घ्यावा तसा कपाळाला लावला. एका महिन्यापूर्वी यातले एक पानही जगात नव्हते!

"सर, हे मी लिहिलं?"

"अक्षर तर तुझंच दिसतंय," सर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

वडील खिडकीशी बसून भिंगाने वाचत राहिले. नऊ दिवस लागले. शेवटचे पान खाली ठेवून त्यांनी सगळा गठ्ठा पुन्हा नीट जुळवला. मयूराचा जीव टांगणीला लागला.

"अगं," ते अखेर म्हणाले, "त्या जत्रेतला धुरळा माझ्या नाकात गेला बघ. पण पहिल्या प्रकरणात माझा एक थोरला भाऊ होता. तो गेला कुठे?"

"चुकलं, बाबा. पुढच्या खर्ड्यात काढून टाकते."

"काढ, काढ. घाई नाही." त्यांनी भिंग पुसून डबीत ठेवले आणि डबी तिच्या हातात दिली. "तो खर्डा तू वाचून दाखव."