फक्की मारलेला माळ

“अजून चाळीस वर्षांनी या माळावर कोण असणार, तात्या? तुम्ही की आम्ही?”

“तुम्हीच की.”

“मग इथं काय करायचं ते ठरवायचं कुणी?”

“तुम्हीच की.”

मृणाल जरा गडबडलीच. भांडायच्या तयारीने आलेल्या माणसाला समोरच्याने एवढ्या लवकर हो म्हणावं, म्हणजे पंचाईत.

मृणाल माझी भाची. भाची असली तरी खरं ते सांगतो, हुशारी थोडी डोक्यात गेली होती. वय तेवीस, पर्यावरणात एम. एस्सी. जिल्ह्याचा हवामान आणि जैवविविधतेचा आराखडा तयार होत होता. त्यात तरुणांचंही एक प्रकरण असावं, म्हणून ही पोरं चार वर्षं अर्ज करत होती. यंदा कुठे जमलं. समितीत एक खुर्ची तरुणांना मिळाली, आणि ती हिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीत सगळं मंजूर व्हायचं होतं.

सिदूतात्या मेंढपाळ, सत्तरी ओलांडलेले. शाळेत असताना दर मे महिन्यात ही त्यांच्या मेंढरांमागे हिंडायची. माळावरची पाखरं तिला त्यांनीच दाखवली. भाषणात ती त्यांना गुरू म्हणते. तात्यांना याचा पत्ताही नव्हता.

आता तिला त्यांचा एक फोटो पाहिजे होता, आणि आराखड्याच्या पहिल्या पानासाठी आशीर्वाद. मोटरसायकल माझी, म्हणून मीही होतो.

तात्यांनी तिच्या हातातला नकाशा मागितला. तिने त्यांच्या मांडीवर पसरून दिला.

“ह्यो पिवळा तुकडा कशाचा?”

“हाच माळ. कागदोपत्री पडीक आहे.”

“आन त्यावर हिरवं काय?”

“झाडं. ऐंशी हजार. आमच्या प्रकरणातलं सगळ्यात मोठं काम हेच आहे, तात्या. सोमवारी मशीन येतंय खड्डे काढायला.”

तात्या काठी टेकत उठले.

“चल,” म्हणाले.

ऊन मरणाचं होतं. माळावर तीन-तीन मीटरवर पांढऱ्या फक्कीचे ठिपके, खो-खोच्या मैदानावर मारतात तीच चुन्याची फक्की. प्रत्येक ठिपक्यावर एक खड्डा निघायचा होता. रविवारी साठ पोरं राबली होती. मृणाल रांगा दाखवत पुढे चालली होती, आणि रांगा सरळ होत्या, हे मान्य करायला पाहिजे.

एकाएकी तात्यांनी काठी तिच्या पायापुढे आडवी धरली.

“पाय तिथं नको टाकू.”

ती एका पायावर थांबली. खाली खडे होते. मला तरी दुसरं काही दिसेना.

“नीट बघ.”

“धाविक,” ती हळूच म्हणाली.

दोन अंडी. खड्यांच्याच रंगाची, उघड्या जमिनीवर. खाली ना काडी ना पान. फक्कीचा ठिपका तिथून वीतभर.

“घरटं कुठाय?” मी विचारलं.

“हा पक्षी घरटं करत नाही, मामा. नुसत्या जमिनीवर अंडी घालतो. त्याला चारी बाजूंनी लांबपर्यंत मोकळं दिसावं लागतं.”

“झाडाखाली घालंल का?” तात्यांनी विचारलं.

“नाही.”

“कधीच?”

“तात्या, मला माहीत आहे ते.”

“व्हय. म्याच सांगितलंय.”

तात्यांनी आम्हाला वीसेक पावलं मागे आणलं. थोड्या वेळाने पाखरू तुरुतुरु धावत आलं, थांबलं, इकडे तिकडे बघितलं आणि अंड्यांवर बसलं. बसल्यावर दिसेनासंच झालं.

मृणालचा चेहरा उतरला होता, पण ती सहजी हरणारी नाही. “पाऊस कमी होतोय, उन्हाळा वाढतोय. काहीतरी करायलाच पाहिजे ना? तुमच्या पिढीने काय केलं? नुसतं बघत बसलात.”

मला वाटलं, आता म्हातारा भडकणार. तात्यांनी काठीने ओढ्यापलीकडची टेकडी दाखवली.

“ती दिसती का?”

“दिसते. नुसती उंदीरमारी आहे तिथे.”

उंदीरमारी म्हणजे बाहेरून आणलेलं, झपाट्याने वाढणारं झाड. आमच्याकडे टेकड्याच्या टेकड्या त्याने भरल्यात.

“वर कधी गेलीस?”

“कशाला? काही नाही तिथे बघण्यासारखं.”

“ती म्या लावली.”

तात्या खाली बसले. आम्हीही बसलो.

“सव्वीस वर्षांचा हुतो. पोरांचा म्होरक्या. साहेब म्हणाले टेकडी उघडी हाय, झाकून टाकू. चाळीस जण दोन पावसाळं राबलो. डोईवरनं पाणी वाहिलं. मला फेटा बांधला, हार घातला, वाजतगाजत गावातनं फिरवलं.”

“मग?”

“मग झाकली. कमरंएवढं गवत हुतं तिथं, ते गेलं. मेंढरं वर चढंनात. ही पाखरं चार सालात दिसंनाशी झाली.”

“आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?”

“फेटा बांधला हुता ना.”

तात्यांनी काठी बाजूला ठेवली.

“चुकलो हुतो,” तात्या म्हणाले.

मृणाल उठली. जवळच्या ठिपक्यापाशी बसली आणि तळहाताने फक्की पुसायला लागली. हात पांढरा झाला.

“ऱ्हाऊ दे. एक पुसून काय व्हायचंय?”

“मग काय करू मी?” ती उसळून म्हणाली. “उद्या हे मागे घेतलं तर पोरखेळ म्हणतील. आमचं प्रकरणच काढून टाकतील. खुर्ची जाईल. पुढची दहा वर्षं तरुणांना कुणी दारात उभं करणार नाही. आणि ते माझ्यामुळे.”

“जाईल.”

“काय?”

“खुर्ची. जाईल बी.”

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. राग होता, शरम होती, साठ पोरांचा रविवार होता. मला राहवेना. म्हटलं, अगं, एवढंसं पाखरू, जाईल कुठंतरी दुसरीकडे. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

“तुम्हाला झाडंच नकोत का, तात्या?”

“वढ्याकाठी लाव की. तिथं हुती. आपणच तोडली.”

“उद्या तुम्ही चला,” ती म्हणाली. “तुम्ही सांगा त्यांना. तुमच्या वयाचा मान ठेवतील. मी कुठल्या तोंडानं म्हणू, आमचं चुकलं म्हणून?”

तात्यांनी नकाशाची नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

“चुकलो म्हणून मी आज पहिल्यांदा बोललो, पोरी. पंचेचाळीस वर्षं लागली. तुला उद्या सकाळपातुर येळ हाय.”