टिटवीला झुबका दाखवण्याबाबत

विषय : टिटवीस केसांचा झुबका दाखविण्यास मंजुरी मिळणेबाबत.
संदर्भ : पूर्वेकडील शेळीबाईंचा अर्ज.

राज्यात सर्व काही सुरळीत होते, फक्त जमीन आतून पोखरली जात होती. पोखरणारे ससे राज्याचेच होते. सशांनी बीळ खणावे आणि पुरे म्हटले की थांबावे, असा रिवाज होता. पूर्वेच्या एका बिळातले ससे थांबायचे विसरले. त्यांची पिल्लेही विसरली.

शेळीबाईंचा गोठा त्याच बिळावर होता. जमीन खचून त्यांचे एक करडू गेले. दुसरे नुकते उभे राहायला शिकत होते.

राखणीला कुत्रे होते. ते बिळाशी येत, हुंगत आणि परत जात. "आपलेच आहेत, बाई," नायक कुत्रा म्हणे. "घरच्यांना कोण चावतं?"

कावळ्याने त्या बिळातून केसांचा झुबका आणला. वरून राखाडी, मुळाशी तांबूस. इतर सशांचे केस तसे नव्हते, म्हणजे न थांबणारे ससे त्यावरून ओळखता येणार होते. झुबका कुत्र्यांना दाखवण्यात आला, कारण दात त्यांना होते. कुत्रे दुपारभर भुंकले, दोन-चार ससे धरले आणि दमून झोपले. झुबका पुन्हा दाखवला. ते पुन्हा भुंकले, पुन्हा झोपले. अहवालात याला प्रगती म्हटले गेले.

"एकदा टिटवीला दाखवून बघा," शेळीबाई म्हणाल्या.

"तिला दात कुठे आहेत?" सचिव बगळा एका पायावर उभा राहून म्हणाला. "ती नुसती ओरडेल."

"मग ओरडू दे की."

प्रयोग म्हणून उत्तरेच्या एका बांधापुरती परवानगी मिळाली. तिथेही तशाच, मुळाशी तांबूस केसांच्या सशांचे बीळ निघाले होते. टिटवीने झुबका उलटून पाहिला आणि ओरडायला लागली. ती थांबेना. कुत्रे दमले, पण झोपू शकले नाहीत; शेवटचा तांबूस ससा हाती लागेपर्यंत धरत राहिले. बांध पुन्हा घट्ट झाला. पुढल्या वर्षी तिथे एक तांबूस पिल्लू डोकावले, तेव्हा कुत्र्यांच्या आधी टिटवी उठली.

शेळीबाईंनी पूर्वेसाठी अर्ज दिला. टिटवीच्या ओरडण्याने निरपराध सशांना उपद्रव होईल काय, याचा अभ्यास व्हावा, असा शेरा सचिवांनी मारला. अभ्यास चालू आहे. करडू उभ्याने झोपायला शिकले आहे.

गेल्या आठवड्यात सचिवांनी पाय बदलला. पहिल्या पायाखालची जमीन खचली होती.

अर्ज विचाराधीन आहे.