विश्रामचं लंगडं अस्वल

एका गावात विश्राम नावाचा एक कारागीर राहायचा. तो हाडं जोडायचा. माणसांची नव्हे, कॉम्प्युटरवरच्या प्राण्यांची. चित्रातल्या प्राण्याच्या आत तो सापळा बसवायचा, सांधे जुळवायचा. मग तो प्राणी हलू लागायचा.

एकदा स्टुडिओत सिनेमासाठी त्यानं एक गुबगुबीत अस्वल केलं. त्याला नाचवायचं काम कुमुदचं. ती अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख घालायची. त्यावर जागोजागी चमकते ठिपके. भोवतीचे कॅमेरे ते ठिपके टिपायचे आणि कुमुद हलेल तसं पडद्यावर अस्वल हलायचं.

पण अस्वल लंगडू लागलं.

"ताई, डावा पाय नीट टाका," विश्राम म्हणाला.

कुमुद पुन्हा नाचली. अस्वल पुन्हा लंगडलं. दुपारपर्यंत हेच चाललं. तिच्या टाचा सुजल्या. मालकीण इरावतीबाई म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर दुसरी नाचणारी बघावी लागेल." कुमुदचा चेहरा उतरला.

जेवता जेवता विश्रामनं अस्वलाला नुसतं उभं करून पाहिलं. नाच नाही, काही नाही, तरी ते डावीकडं कललेलं. त्याचा घास हातातच राहिला. उजव्या पायाची हाडं आधी बसवायची आणि आरशात दिसावीत तशी डावीकडं उतरवायची, ही त्याची रीत. पण नंतर त्यानं उजवा खुबा थोडा वर सरकवला होता, आणि डावीकडं तो बदल करायचा राहून गेला होता.

गुपचूप दुरुस्त केलं असतं, तर कुणाला कळलंही नसतं. कुमुदला एकदाचं जमलं, एवढंच सगळे म्हणाले असते.

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग उठून सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, कुमुदताईंचा पाय पहिल्यापासून बरोबर पडतोय. हाड मी चुकवलंय."

इरावतीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग आता?"

"आता विश्रामदादांनीच नाचायचं," कुमुद म्हणाली. "माझ्या टाचा तोवर बसून बघतील."

विश्रामनं खुबा सारखा केला, पोट आत ओढून पोशाख चढवला आणि नाचला. अस्वल लंगडलं नाही, पण असं काही धडपडलं की इरावतीबाईंना खुर्ची धरावी लागली. "पुरे रे, अस्वलाची अब्रू जाईल," त्या हसत म्हणाल्या.

नंतर कुमुद नाचली, आणि अस्वल काय सुरेख नाचलं!

आता नवा प्राणी तयार झाला की विश्राम कुणाला बोलावण्याआधी स्वतः नाचून बघतो. लोक हसतात. तो हसू देतो.

तात्पर्य: दुसऱ्याचं पाऊल चुकतंय असं म्हणण्याआधी आपलं काम तपासावं, आणि चूक आपली निघाली, तर ज्याला बोल लावला त्याच्यासमोर ती कबूल करावी.