अकरा वळणांची डाळ

फार वर्षांपूर्वी, घोरपडघाटात गाड्या चढायच्या कमी आणि उकळायच्या जास्त, तेव्हाची ही गोष्ट. घाटाच्या बरोबर मध्यावर, वडाखाली, अनसामावशीचं गॅरेज होतं. मावशी स्वतःच मिस्त्रीण. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय दुखतंय ते सांगायचं, ही तिची विद्या. इंजिन मधेच अडखळत असेल तर ती म्हणायची, "मिसिंग हाय." ठीक असेल तर म्हणायची, "मिसिंग न्हाई." खाली पहिल्या वळणावर गाडी खोकली, की मावशी वर बसल्या बसल्या नेमका पाना काढून ठेवायची, असं म्हणतात.

स्वयंपाकाच्या नावाने मात्र आनंदीआनंद होता. चढावर चाकाखाली लावायला दगड मिळाला नाही, तर मावशीची भाकरी लावावी, असं ड्रायव्हर म्हणायचे. मावशीला त्याचं काही वाटत नसे. तीही हसायची.

एका लग्नसराईत नवऱ्याकडचं वऱ्हाड वर पठारवाडीला निघालं. नऊच्या नऊ गाड्या तापल्या म्हणून वडाखाली थांबल्या. तेवढ्यात वरून एक जीप धडधडत उतरली. जीपमध्ये नवरीचा मामा होता आणि मागे डाळ, तांदूळ, कणीक, वांगी, गूळ असा अख्खा शिधा. आदल्या दिवशी दुसऱ्या लग्नवाल्यांनी यांचा आचारी भांड्यांसकट पळवला होता, आणि मामा शिधा घेऊन, भांडीवाला दुसरा आचारी शोधत खाली आला होता. नवरीला वडील नव्हते. आई वर थंड चुलाणापाशी डोक्याला हात लावून बसली होती.

नवऱ्याचे चुलते केरबाअण्णा म्हणजे मानपानाचं मोठं प्रकरण. त्यांनी फेटा सारखा केला. म्हणाले, "जेवान न्हाई, तर लगीन न्हाई. गाड्या वळवा."

मामाने हात जोडले. नवरदेवाचं तोंड उतरलं.

मावशीने हात पुसले. "वळवा की अण्णा. पर ह्या घाटात गाडी वळत न्हाई. वळायला जागा फकस्त माथ्यावर. तितवर अकरा वळणं हाईत. जाता जाता मी डाळ टाकते."

आणि तिने खरंच टाकली. आहेरासाठी आणलेली कोरी पातेली काढली. पहिल्या गाडीच्या इंजिनावर डाळ आणि दुसरीच्या इंजिनावर भात तारेने घट्ट बांधला. रताळी ओल्या फडक्यात गुंडाळून सायलेन्सरला लटकवली. वांगी ब्लोलॅम्पच्या ज्योतीवर भाजली, पापड पकडीत धरून तिथेच भाजले, नारळ जॅकखाली फोडले. दह्याचा कॅन शेवटच्या गाडीला बांधला. घाटातल्या खड्ड्यांनी त्याचं असं ताक केलं, की लोणी आपोआप वर आलं. पुऱ्या फुगेनात, तेव्हा मावशीने त्यांत पंपाने हवा भरली, असं म्हणतात. मला हे पटत नाही, पण पठारवाडीत तसं बोलून बघा.

मीठ-मसाल्याचं मात्र तिला काही कळेना. मग प्रत्येक वळणावर गाड्या थांबायच्या, मावशी बॉनेट उघडायची, पातेल्याला स्क्रूड्रायव्हर लावून ऐकायची आणि चमचा केरबाअण्णांपुढे धरायची. "इंजिन मला कळतंय अण्णा. मीठ तुमी सांगा."

पहिल्या वळणावर अण्णांनी तोंड फिरवून चाखलं. "अळणी हाय."

तिसऱ्या वळणावर ते म्हणाले, "गूळ घाला अजून." सहाव्या वळणावर त्यांनी बाह्या सरसावल्या आणि सगळ्यात लांब पाना धुऊन घेऊन डाळ स्वतःच ढवळायला घेतली. नवव्या वळणावर तर ते मडगार्डवर बसून ड्रायव्हरवर ओरडत होते, "हळू घे रं, फोडणी सांडंल."

मग माथा आला. गाड्या वळायची जागा आली. नवरीची आई समोरच्या लग्नघराच्या दारातून बघत होती, तिच्या हातात अक्षता तशाच होत्या. मामाने धीर करून सांगितलं, "अण्णा, इथं गाडी वळतीय."

केरबाअण्णांनी मावशीच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला, पातेल्याला लावला आणि मुठीला कान दिला. बराच वेळ ऐकलं.

"मिसिंग न्हाई," ते म्हणाले. "पंगत मांडा."

नऊ गाड्यांचे हॉर्न एकदम वाजले. नवरीच्या आईला रडू आलं आणि हसूही आलं. इथवर आलो की मलाही दर वेळी फार बरं वाटतं. त्या डाळीचा वास तीन गावं पलीकडे गेला आणि तिथले लोक बोलावल्याशिवाय जेवायला आले, तरी डाळ उरली, असं म्हणतात. मावशीला अण्णांनी स्वतःच्या हाताने वाढलं.

आता घाट रुंद झालाय, वाटेल तिथे गाडी वळते. तरी प्रत्येक वऱ्हाड वडापाशी थांबतं, आणि पहिल्या गाडीच्या इंजिनावर डाळीचं छोटं पातेलं बांधतं. माथ्यावर नवऱ्याच्या चुलत्याला फेट्याच्या आधी स्क्रूड्रायव्हर देतात. तो कान लावतो. डाळ कधी कच्ची असते, कधी करपलेली. तो मात्र "मिसिंग न्हाई" एवढंच म्हणतो, आणि मग पहिलं पान अनसामावशीच्या नावाने वाढतात.

त्याआधी, माथ्यावर थांबल्या थांबल्या, पहिल्या गाडीच्या मागच्या चाकाखाली एक काळा चपटा दगड सरकवतात, म्हणजे वऱ्हाड मागे फिरत नाही. त्याला मावशीची भाकरी म्हणतात. तो दगडच आहे, असं आम्ही पोरांना सांगतो. म्हातारे ड्रायव्हर नुसते हसतात.